रेणूचं वाक्य

आमगावजवळच्या एका खेड्यातली धुरपता बोलायला मोठी तरबेज. धानाच्या रोवणीसाठी बाया जमवायच्या असल्या की गाव तिलाच पुढे करी. तिची नऊ वर्षांची रेणू मात्र अडखळत बोले. पोरीचे ओठ पहिल्याच अक्षरावर थरथरले की धुरपताला बघवत नसे. उरलेलं वाक्य तीच पुरं करून टाकी.

भिंतीला भिंत लागून धाकटी जाऊ चंदा राही. ती शिलाईची कामं करायची. एका दुपारी अंगणात धान वाळवताना धुरपताला पलीकडून रेणूचा आवाज आला. हजेरीला आपल्याला ‘हजर’ म्हणता येत नाही, पोरं नक्कल करतात, असं ती काकीला सांगत होती. अडत होती, पण थांबत नव्हती. मशीन बंद होती आणि चंदा गप्प ऐकत होती.

आईला जे ठाऊक नाही, ते जावेला ठाऊक. काकीच्या कामाचा खोळंबा होतो असं सांगून धुरपताने रेणूचं तिकडे जाणं बंद केलं. पोरगी घरातही मुकी झाली.

मग एकदा पाहुण्या आलेल्या निर्मलाबाईंनी रेणूला नाव विचारलं. सवयीने धुरपतानेच सांगून टाकलं. रेणूने आईचा हात धरला.

"मले ब-बोलू दे ना माय. काकी म-मधात नाही बोलत."

पाहुणीसमोर धुरपताचं तोंड उतरलं. संध्याकाळी ती भांडायलाच चंदाकडे गेली. माझ्या पोरीवर काय जादू केली, म्हणाली. चंदाने हातातला कपडा बाजूला ठेवला. माहेरी भाच्याचं असंच होतं; घाई करू नका, शब्द पुरवू नका, असं गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. मग खाली बघत ती म्हणाली, "बाई, मलेच तुमचा हेवा वाटते. बोलते माह्याजवळ, पण ताप आला का तुमालेच बोलावते."

धुरपता तिथेच खाली बसली आणि हजेरीचं काय करायचं ते गुरुजींनाच विचारू, म्हणाली.

दोघी रेणूला घेऊन गुरुजींना भेटल्या. हजेरीला नुसता हात वर केला तर चालेल का, असं गुरुजींनी रेणूलाच विचारलं. उत्तराला वेळ लागला. धुरपताने ओठ दाताखाली दाबून धरले.

"न-नको. मीच म्हणीन. तुमी थ-थांबा फक्त."

गुरुजींनी कबूल केलं. परतताना रेणू काकीचं बोट धरून तिला एक गोष्ट सांगत चालली. धुरपताला ते झोंबलंच. पण पोरीची गोष्ट अर्धी झाली होती, म्हणून ती मागून ऐकत राहिली.