अण्णांचा अंगठा

अण्णा झोपले होते तेव्हा मी त्यांच्या अंगठ्याला शाई लावली. निलंग्याच्या आमच्या घरात, भर दुपारी, पूर्ण शुद्धीवर असताना लावली. अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, जाऊन आता महिना उलटला. दिवसांना आलेली माणसं ते किती शिस्तीचे आणि किती सरळ होते हे सांगून गेली. मी मान डोलावत राहिलो, पण डोळ्यांपुढे येत होता तो निळा अंगठा...

अण्णा तहसील कचेरीत चपराशी होते. निजामाच्या अमलात चिकटले, पुढं मराठी कारभार आला तरी तिथंच राहिले. त्यांना ना मराठी वाचता येई ना उर्दू. पण उमेदीच्या काळात कचेरीतल्या एका पेशकारानं, म्हणजे कारकुनानं, त्यांना उर्दूत स्वतःचं नाव लिहायला शिकवलं होतं, आणि तेवढी एकच गोष्ट ते जन्मभर लिहीत आले. पगाराच्या दिवशी बाकीचे चपराशी शाईच्या गादीपाशी रांग लावत, अण्णा मात्र पेन मागून घेत. उजवीकडून सुरुवात करून, मध्ये एक लांब झोका देऊन, खाली टिंबं ठेवीत. ती टिंबं ते इतक्या सावकाश ठेवत की मागची रांग खोळंबायची. नवा साहेब आला की म्हणायचा, बसप्पा, आता मराठीत करत जा सही. अण्णा "हाव साहेब" म्हणायचे आणि उर्दूतच करायचे. मी सातवीत नापास झालो तेव्हा त्यांनी हात उगारला नाही, फक्त "अंगठेबहाद्दर होतोस का?" एवढंच विचारलं. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं, असं तेव्हा वाटलं. त्या प्रश्नाच्या धाकानं मी शिकलो आणि नांदेडला सरकारी कचेरीत कारकून झालो. लोकांचे अपुरे कागद परत करायचे, हे माझं काम. त्यात मी वाकबगार आहे असा माझा समज होता.

पाऊस सलग दुसऱ्या साली फिरकला नाही, त्या साली अण्णांची उजवी बाजू गेली. जीभही जड झाली. ते काय बोलतात ते फक्त मायला कळायचं. लातूर जिल्हा नवा होता, पेन्शनचे कागद जुन्या जिल्ह्यातून नव्याकडे यायचे होते. ते आले तेव्हा सगळंच नव्यानं मागितलं गेलं, हयातीचा दाखला नव्यानं आणि सहीचा नमुनाही नव्यानं. इकडे सही करणारा हात बाजेवर ओंडक्यासारखा पडलेला. रानात काही पिकलं नव्हतं, आडाला नुसता चिखल राहिला होता, आणि माझ्या पगारात नांदेडचं बिऱ्हाडच जेमतेम भागायचं. घर चालायचं, गोळ्या यायच्या त्या अण्णांच्या पेन्शनीवर, आणि ती तर बँकेत अडकून पडलेली. गोळ्यांची पुडी संपत आली की माय एक दिवसाआड द्यायची. मला ते कळू नये म्हणून रिकामी पुडी उशाखालीच ठेवायची.

बँकेतल्या कारकुनानं सरळ सांगितलं, सही होत नसंल तर अंगठा चालतो. आमचे साहेब घरी येतील, त्यांच्यासमोर लावायचा, दोन साक्षीदार बोलवा, झालं. ऐकायला सोपं होतं. पण मला दिसत होतं ते वेगळंच. अण्णा परक्या माणसापुढं, स्वतःच्या घरात, ज्यांना ते अंगठेबहाद्दर म्हणत आले त्यांच्या रांगेत... मायला म्हणालो, ते मरतील पण अंगठा देणार नाहीत. माय म्हणाली, त्यांना विचारून तर बघ. मी म्हणालो, विचारण्यात काय अर्थ आहे, आणि नांदेडहून येताना पिशवीत टाकलेली कचेरीतली शाईची गादी बाहेर काढली. अंगठा तयार असला की साहेबाला खाटेपाशी यायची गरज पडणार नाही, अण्णांची अब्रू राहील आणि कामही होईल, असा माझा हिशेब. त्यातही अक्कल अशी चालवली की उजवा अंगठा निवडला. ती बाजू मेलेली, त्यांना कळणारसुद्धा नाही.

अंगठा उमटला झकास. मी कागद फुंकीत होतो आणि बाज कुरकुरली. बघतो तर अण्णांचे डोळे उघडे. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग गादीकडं, मग डाव्या हातानं आपलाच उजवा हात उचलून डोळ्यांसमोर धरला. आमच्याकडं म्हातारा गेला की भाऊबंद रडायच्या आधी त्याचा अंगठा कागदावर घेतात, अशा गोष्टी गावोगाव ऐकू येतात. अण्णांनी तर कचेरीत बसून असले कागद आयुष्यभर बघितलेले. ते जड जिभेनं बोलले, आणि या खेपेला मलाही कळलं.

"मेलो काय रे मी?"

मी गादीचं झाकण लावलं. शाई धुवायला उठलो तर रांजणात पिण्यापुरतंच पाणी होतं, टँकरचा पत्ता नव्हता. मायनं अंगठ्याला खोबरेल तेल चोळलं. त्यानं शाई निघाली नाही, तळव्यापर्यंत पसरली तेवढी. पुढं किती तरी दिवस तो हात तसाच निळा चादरीवर पडून होता. अण्णा त्याच्याकडं बघायचे, आणि मी आलो की भिंतीकडं.

कागद घेऊन मी बँकेत गेलो. कारकुनानं तो उजेडाला धरला आणि विचारलं, हा डावा आहे का उजवा. उजवा, मी म्हणालो. "पुरुषाचा डावा लागतो. तुम्ही कुठं काम करता म्हणालात?" मी कुठं काम करतो ते त्या दिवशी त्याला सांगितलं नाही. डावा लागतो म्हणून मी स्वतः नांदेडला किती शेतकऱ्यांना माघारी पाठवलं असेल... अण्णांचा डावा हात चांगला होता. त्या हातानं ते पाणी पीत, माशा हाकलत. अंगठा लावायला त्यांना माझी मुळी गरजच नव्हती.

मग साहेब घरी आले. शेजारचे दोघं साक्षीला आले, मायनं अण्णांना उशी लावून बसवलं. मी दाराबाहेर उभा होतो, आत जायची हिंमत नव्हती. साहेबानं काय हवंय ते समजावून सांगायला सुरुवात केली, पण अण्णांनी ते पुरं होऊ दिलं नाही. डावा हात पुढं केला, गादीवर अंगठा टेकवला आणि दाखवल्या जागी लावला, शांतपणे, पुसायला फडकंही न मागता. साहेब गेल्यावर ते मायपाशी काहीतरी पुटपुटले. मी मायला विचारलं, काय म्हणाले? दोनदा विचारल्यावर म्हणाली, "म्हणतेत, मागितला असता तर न्हाई म्हणलो असतो का."

पेन्शन सुरू झाली. गोळ्या रोजच्या रोज मिळू लागल्या, पण उशिरा. उन्हाळा सरता सरता अण्णा गेले. मधल्या काळात मी दर रविवारी येत होतो, पायथ्याशी बसत होतो. माफी मागायचं दर खेपेला नांदेडहून ठरवून निघायचो, आणि लातूरला गाडी बदलेपर्यंत वाक्यं जुळलेली असायची. अण्णा डोळे मिटून पडलेले असायचे. झोपलेत का जागे, हे बघायला त्यांच्या जवळ जाण्याचा अधिकार मी घालवला होता. वाक्यं तशीच परत घेऊन जायचो...

मागच्या आठवड्यात मायला घेऊन लातूरला गेलो. अण्णांच्या माघारी तिला अर्धी पेन्शन मिळते, त्याचे कागद द्यायचे होते. या खेपेला मी सगळं तपासून आणलं होतं, बाईचा उजवा लागतो हेही दोघांना विचारून पक्कं केलं होतं. कचेरीत आमचा नंबर यायला वेळ होता, बाकावर जागा मिळाली. माय प्रवासानं थकली होती, बसल्या बसल्या डुलकी घेत होती. मी पिशवीतून कागद काढले तशी ती दचकून सरळ झाली, बांगड्या मागं सारल्या आणि उजवा हात माझ्यापुढं धरला.

"घे बाबा आत्ताच," ती म्हणाली. "न्हाईतर झोप लागली की घेशील."