करून राहिलो ना

वैशाखात दुपारी डोळा लागला की मला अजून मोटारीची घरघर ऐकू येते. लातूरच्या माझ्या खोलीत कॉम्प्युटरचा पंखा फिरत असतो आणि अर्धवट झोपेत तोच मुखेडच्या आमच्या घरची बोअरची मोटार होऊन बसतो. पाइपातून आधी नुसती हवा खाकरते, मग पाणी येतं. मी डोळे उघडत नाही. उघडले की पाणी जातं.

ती मोटार वडिलांनी स्वतःच्या हातानं बांधलेली. मुखेडच्या पेठेत त्यांचं मोटार वाइंडिंगचं, म्हणजे मोटारीत नवी तार भरून द्यायचं दुकान होतं. जळालेली मोटार टाकून गेलेला शेतकरी दर बाजाराला येऊन विचारायचा, "झाली का हो?" वडील मान वर न करता म्हणायचे, "करून राहिलो ना!" मोटार तेव्हा कोपऱ्यात, आणली तशीच पडलेली असायची. घरीही तेच. माय म्हणाली, कडी बसवा, की "करून राहिलो ना." उदगीरचा नवा जिल्हा होणार आणि मुखेड त्यात जाणार, अशी बोलवा अधूनमधून उठायची. कुणी विचारलं, कधी होतो हो जिल्हा, तर तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता वडील म्हणणार, "करून राहिलेत ना ते बी!"

ते गेल्यावर मायला रोज उन्हात स्टार्टरपर्यंत जायला लागू नये म्हणून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. फोनवर बटण दाबायचं, स्टार्टरशेजारी मी बसवलेल्या डब्याला निरोप जायचा, जरा वेळानं मोटार चालू. तेच बटण पुन्हा दाबलं की बंद. मधल्या वेळात पडद्यावर काहीतरी दिसायला हवं, म्हणून मी गंमत म्हणून लिहिलं, "करून राहिलो ना." मायनं चष्मा लावून, अक्षराला अक्षर जोडत ते वाचलं आणि पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसत राहिली. मग रडली. मीही रडलो.

पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. लातूरला माझ्या नळाला पाणी यायचं बंद झालं, ते रेल्वेनं यायला लागलं. मुखेडला आमच्या बोअरमध्ये मात्र थोडं टिकून होतं आणि सगळी गल्ली तिथंच घागरी लावायची. नेमका तेव्हाच मायचा जुना फोन फुगून बाद झाला. नव्या फोनवर जुना प्रोग्राम चालेना. मी तो नव्यानं बांधला. पडद्यावरची वाक्यं आता तयार मिळत होती, शुद्ध मराठीत. मी ती तशीच घेतली. सगळं कसं नीटनेटकं, पुण्याला दाखवावं असं झालं.

दोनच दिवसांत शेजारच्या काकूंचा फोन आला. "अरे, तुझी मोटार उचक्या देऊन राहिली. चालू, बंद, चालू, बंद. वास बी येऊन राहिला जळका."

मेन स्विच पाडा, एवढंच ओरडलो आणि मिळेल ती एसटी धरली. खिडकीबाहेर पांढरी पडलेली रानं सरकत होती. मला डुलकी लागत होती आणि डुलकीत वडील दुकानाच्या कोपऱ्यातल्या त्या मोटारीकडे बघत होते. गल्लीच्या पाण्याचं काय, हे सुचायला हवं होतं. मला सुचत होतं एवढंच, की घरची मोटार जळली तर त्यांच्या हातची तशी पुन्हा कुणी बांधणार नाही.

पोचलो. वास होता, पण मोटार वाचली होती. बुद्धाच्या तसबिरीखाली फोन ठेवून माय जमिनीवर बसली होती, हात लांब ठेवून, जणू तो चावेल.

"माय, इतक्यांदा कशाला दाबलंस?"

"मग काय करू? ते लिहून राहिलं, कृपया प्रतीक्षा करा. कोण हाय रे ते? मला वाटलं चुकलं माझं. म्हणून पुन्हा दाबलं."

"मग आधी कधी दोनदा नाही दाबलंस?"

"आधी ते म्हणायचे ना, करून राहिलो म्हणून." ती साधेपणानं म्हणाली. "ते म्हटले की मला कळायचं, कामाला हात लागला न्हाई अजून. बसावं मग. जन्मभर तेच केलं मी."

एकदा दाबल्यावर मोटार चालू होईपर्यंत बटण पुन्हा दाबताच येऊ नये, असं कुलूप मी त्याला घातलंच नव्हतं. जुन्या प्रोग्राममध्येही नव्हतं. इतके महिने तो बिनबोभाट चालला तो माझ्या हुशारीवर नव्हे, तर मायच्या संसारभराच्या सवयीवर. अपग्रेड करणाऱ्यांना मी आता सांगतो, जुनं काढण्याआधी बघा, त्यातलं नेमकं काय काम करत होतं. ते बहुतेक वेळा कोडमध्ये नसतं.

त्याच दुपारी मी कुलूप घातलं आणि वाक्यही परत आणलं. मोटार गार झाल्यावर मेन चालू केला, फोन मायच्या हातात दिला. तिनं बटण दाबलं, चष्मा नाकावर ओढला, वाचलं.

"बरं, करा सावकाश," ती पडद्याला म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. मीही शेजारी बसलो. बाहेर पाइप खाकरला.