भोवरेसरांच्या वाटणीचा समुद्र

भोवरेसर चहा प्यायचे नाहीत, बघायचे. बशीत ओतून दोन काड्यांनी दोन बाजूंना ढवळायचे आणि ते दोन भोवरे एकमेकांत शिरेपर्यंत मान वर करायचे नाहीत. कॉलेजसमोरचा हॉटेलवाला आबा ओरडायचा, "सर, चहा पेवासाठे शे, दखासाठे नही!"

जळगावच्या आमच्या कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवायचे. मी त्यांच्या हाताखाली नवा लेक्चरर. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण डोक्यात तोच. "समुद्रात एकाच दिशेनं फिरणारे दोन भोवरे जवळ आले की मिळून एक मोठा होतो. धाकट्याचा जोर थोरल्यात जातो. आपल्या भाऊबंदकीच्या अगदी उलट!"

नव्वदच्या सुमारास त्यांना संशोधनाच्या बोटीवर महिनाभरासाठी बोलावणं आलं. रजा मिळायची तर संस्थेचे अध्यक्ष, डाळमिलवाले शेठजी, यांना काम पटायला हवं. सरांनी मोटरवर फिरणारं पाण्याचं घमेलं तयार केलं आणि सकाळीच सुरू करून ठेवलं. सगळं पाणी एकसारखं फिरू लागायला वेळ लागतो. मला कुठलं ठाऊक! रिकाम्या खोलीत मोटर चालू दिसली, मी बंद केली. शेठजींची चाहूल लागल्यावर पुन्हा लावली.

सरांनी रंगीत पाण्याचे दोन भोवरे सोडले. एक होण्याऐवजी त्यांच्या चिंध्या झाल्या.

"ही तर रंगपंचमी!" शेठजी हसले.

मी, अतिशहाणा, पुढे सरसावलो. "सर, मोटर उगाच चालू होती. वीज वाचवायला मीच बंद केली होती."

सरांनी पुढे होऊन मोटर बंद केली. शेठजी मात्र खूश. "असा माणूस पाहिजे! सर, तुमच्या वर्गांचं नुकसान नको, बोटीवर ह्यालाच पाठवा."

नाही म्हणायला तोंड होतं मला. उघडलं नाही. आणि स्टेशनवर लिंबाचं लोणचं घेऊन आले कोण, तर सरच. "पोटात ढवळलं तर चाट."

ढवळलं. बोट सुटल्यापासून.

परतलो तर सर दारातच उभे. "मिळाले का रे एकमेकांत?" मी हात गरगर फिरवत सांगितलं, कठड्यावरून स्वतः पाहिले, दोन भोवरे, आले, भिडले, एक झाले.

सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "एकेक भोवरा जळगाव ते धुळे एवढा असतो रे. मापून कळतो, कठड्यावरून दिसत नाही. असू दे. पाण्याचा रंग कसा होता, तेवढं तरी खरं सांग."

पाणी पाहिलं होतं कुणी! महिनाभर मी केबिनमध्ये बादलीवर ओणवा होतो. सर मात्र उत्तराची वाट बघत होते.