अकरा पायऱ्यांखालची उपासना

प्रभा मकासरे देवाशी भांडायची ती मराठीत. ऑफिसात इंग्रजी, भाजीवाल्याशी हिंदी आणि देवाला थेट 'तू'. नगरच्या मिशन शाळेत मास्तर असलेल्या वडिलांनी तिला तशीच प्रार्थना शिकवली होती. "मनात असेल ते बोल, बाळ. त्याच्याशी गोडगोड बोलून काय उपयोग, त्याला आतलं दिसतंच."

चौऱ्याहत्तर साली ती स्टेनोग्राफर म्हणून दिल्लीला आली. नवरा जयंत दुसऱ्या सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन, स्वभावानं इतका शांत की त्याचा राग कुणी पाहिलाच नव्हता. एकोणीस वर्षं सरकारी क्वार्टरमध्ये काढून त्र्याण्णव साली त्यांनी नोएडात तळमजल्याचा फ्लॅट घेतला. रुंद रस्ते, आकड्यांचे सेक्टर, जिकडे तिकडे विटा आणि वाळूचे ढीग. त्याच ढिगांमधून एक नवं चर्चही उभं राहिलं. समोर अकरा पायऱ्या, वर उंच दरवाजा. पायऱ्या झाल्या त्या दिवशी प्रभाच म्हणाली होती, "काय रुबाब आलाय!"

पंच्याण्णवच्या नोव्हेंबरात त्यांची एकुलती मुलगी संपदा कॉलेजातून येताना बसमधून उतरत होती. दुसऱ्या खाजगी बसशी शर्यत लावलेल्या ड्रायव्हरनं तिचा पाय जमिनीला लागायच्या आत गाडी सोडली. संपदा पाठीवर आपटली. मणका तुटला. तिला एकोणिसावं लागलं होतं. सात महिने हॉस्पिटलात काढून ती घरी आली ती व्हीलचेअरवर. तो ड्रायव्हर अपघातानंतर तिसऱ्याच आठवड्यात परत त्याच रूटवर बस चालवत होता. प्रभानं त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तो स्टीअरिंगवर ताल धरून गाणं म्हणत होता.

त्या दिवशी घरी येऊन तिनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. "तू झोपला होतास का?" ती वर बघून ओरडली. "नऊ वर्षं मूल नव्हतं. मागून मागून दिलंस, आणि सांभाळायची वेळ आली तेव्हा कुठे होतास? बोल ना!" बाहेर जयंत नुसता उभा राहिला. आत भांडं आपटल्याचा आवाज आला, आणि मग कुकरची शिट्टी.

चर्चच्या बायका भेटायला आल्या. कमिटीचे सेक्रेटरी सॅम्युएल लाल यांच्या मिसेस संपदाच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "इसमें भी प्रभु की कोई योजना होगी, बहनजी."

"योजना?" प्रभा म्हणाली. "सरकारच्या योजना मी बावीस वर्षं टाइप करतेय, मिसेस लाल. माझ्या मुलीला योजना म्हणू नका." चहा न पिताच बायका उठल्या. प्रभानंही त्यांना थांबवलं नाही.

तरीही सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये ती संपदाला घेऊन उपासनेला गेली. का गेली हे तिला कुणी विचारलं असतं तर नीट सांगता आलं नसतं. रविवार होता आणि रविवारी जायचं असतं, एवढंच. चौघांनी खुर्ची उचलली. सहाव्या पायरीवर एकाचा हात निसटला, खुर्ची तिरकी झाली आणि संपदाचे निर्जीव पाय पुढे घसरले. सगळ्या मंडळीसमोर तिची सलवार गुडघ्यापर्यंत वर गेली. कुणीतरी "हालेलुया, बच गई!" म्हणालं.

घरी आल्यावर संपदा एवढंच बोलली, "आई, मला परत कुणी उचलायचं नाही. बिल्कुल नाही. मी काय लोखंडी कपाट आहे?"

जयंतनं त्याच संध्याकाळी ड्रॉइंग बोर्ड मांडला. बाजूच्या भिंतीलगत, समोरच्या पायऱ्यांना धक्का न लावता, वर जाणारा उतार त्यानं मापासकट काढून दिला. लालसाहेबांनी नकाशा घेतला, चांगला म्हणाले आणि खणात ठेवला. एप्रिल गेला, जून गेला. ऑगस्टमध्ये प्रभा कमिटीच्या बैठकीत जाऊन उभी राहिली.

"देखिए मिसेस मकासरे," लालसाहेब म्हणाले, "त्यानं इमारतीची शोभा जाईल. एका माणसासाठी... आणि देव तर सगळीकडेच आहे. घरी प्रार्थना केलीत तरी तो ऐकतोच."

"मग हे बांधलंत कशाला?" प्रभा म्हणाली. "तुम्हीही घरीच बसा ना!"

पुढच्या रविवारी मायलेकी पायऱ्यांच्या तळाशी बसल्या. संपदा तिच्या खुर्चीत, प्रभा घरून आणलेल्या घडीच्या खुर्चीवर. आत उपासना सुरू झाली तशी बाहेरही झाली. आतले लोक आमेन म्हणाले की प्रभा त्यांच्यापेक्षा मोठ्यानं म्हणायची. आत हिंदी गीत चालू असताना ती त्याच चालीवर मराठी शब्द म्हणायची, आणि तिचा आवाज तर सेक्रेटेरियटच्या कॉरिडॉरमध्ये गाजलेला. उशिरा येणाऱ्यांना तिच्या बाजूनं, तिची नजर चुकवून वर जावं लागे. मिसेस लाल छत्री घेऊन आल्या, ती प्रभानं परत केली. जयंत आत कॉयरमध्ये गायचा. तिसऱ्या रविवारी तो गीतांचं पुस्तक घेऊन खाली आला आणि बायकोच्या मागे उभा राहून खालच्या सुरात गाऊ लागला.

थंडी आली, धुकं आलं. एकदा संपदानं विचारलं, "आई, खरं सांग. तू माझ्यासाठी बसतेस की भांडायला?"

"दोन्हीसाठी."

"यार आई, एवढा राग आहे तर सोडून दे ना सगळं. प्रार्थना कशाला करतेस रोज?"

प्रभानं मफलर घट्ट केला. "तुझ्या बाबांवर मी चिडते तेव्हा घर सोडून जाते का? याच्यावरही चिडलेय. फार चिडलेय. माफ केलं म्हणणार नाही मी त्याला. पण त्याचं घर सोडून मी कुठे जाऊ? आणि लालसाहेबांनी सांगितलं म्हणून तर मुळीच जाणार नाही."

संपदा हसली. अपघातानंतर आईनं तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. प्रभानं तोंड फिरवलं आणि आतल्या प्रार्थनेला ओरडून आमेन म्हटलं.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं, येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीचं. पाद्री हरीश मसीह तरुण होते, कमिटीला जरा दबूनच असायचे. आतल्या लोकांना वाढून झाल्यावर ते भाकर आणि प्याला घेऊन पायऱ्या उतरले आणि संपदापुढे वाकले.

"नको," प्रभा म्हणाली. "पाद्रीसाहेब, आत पंगत आणि दारात आम्हाला वेगळं वाढणार? प्रभूनं असं कुणाला वाढलं होतं? माझी लेक भिकारीण नाही. आत बोलवा, नाहीतर परत न्या."

पाद्रीसाहेब सरळ झाले. त्यांचा चेहरा लाल झाला, पांढऱ्या झग्याच्या बाहीवर प्याल्यातले दोन थेंब सांडले. मग ते वळले आणि पायऱ्या चढून गेले. प्रभाला वाटलं, संपलं. आपण आपल्याच हातानं शेवटचं दार लावून घेतलं. तिला रडू फुटलं, आणि रडू फुटलं याचाही राग आला.

तेवढ्यात आतून पाद्रीसाहेबांचा आवाज आला. एवढ्या मोठ्यानं ते कधी बोलले नव्हते. "पुढच्या रविवारपासून प्रभूचं मेज खाली लागेल. ज्यांना यायचं त्यांनी खाली यावं. उतार होईपर्यंत मी वर उपासना घेणार नाही."

आणि खरोखरच पुढच्या रविवारी मेज खाली आलं. दोनशे माणसं धुक्यात उभी राहिली. म्हाताऱ्या खोकत होत्या, मुलं पाय आपटत होती, लालसाहेबांच्या चष्म्यावर दव जमत होतं. कुणी उघड कुरकुरलं, कुणी मधूनच निघून गेलं. पण कॉयरमधल्या दोघी जणी न सांगता संपदाच्या शेजारी येऊन बसल्या. तिसऱ्या रविवारी कमिटीनं जयंतचा नकाशा खणातून बाहेर काढला.

मार्चच्या शेवटी उतार तयार झाला. संपदा एकटी चढली. दोनदा थांबून दम घेतला, तळहात सोलले, पण कुणाला चाकाला हात लावू दिला नाही. तिच्या मागून मिसेस लाल यांच्या सासूबाई काठी टेकत त्याच वाटेनं वर आल्या. दोन वर्षांत त्या पहिल्यांदाच चर्चला आल्या होत्या. गुडघे दुखतात हे त्यांनी घरात सांगितलं होतं. चर्चमध्ये कुणी विचारलंच नव्हतं.

साक्ष देण्याची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगण्याची वेळ आली तेव्हा पाद्रीसाहेबांनी प्रभाकडे बघितलं. ती उठली. "माझी मुलगी चालत नाही," ती हिंदीत म्हणाली. "चालणार नाही. माझा राग गेलेला नाही, देवावरचा नाही आणि तुमच्यावरचाही नाही. ज्यानं तिला पाडलं तो आजही बस चालवतोय. रोज सकाळी मी देवाला याचा जाब विचारते. त्यानं अजून उत्तर दिलेलं नाही. उद्याही विचारेन. त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला विचारणार? एवढीच साक्ष आहे."

पाद्रीसाहेबांनी हळूच विचारलं, "धन्यवादाचा एखादा शब्द, बहनजी?"

"तो पुढच्या रविवारी बघू," प्रभा म्हणाली आणि मुलीशेजारी बसली. कॉयरमध्ये जयंतनं खालचा सूर धरला.