चार दिवस बंद ठेवलेला ब्लोअर
सडक्या अंड्यांसारखा वास कुठेही आला की मला कोलशेतची ती सोसायटी आठवते. तिच्या तळघरातला सांडपाण्याचा प्लांट मी चालवायचो. टाकीत हवा सोडणारा ब्लोअर दिवसरात्र घरघरायचा आणि त्या हवेवर घाण खाणारे जंतू जगायचे, म्हणून तिथून खाडीला जाणारं पाणी नितळ असायचं. एका दुपारी सोसायटीचे अध्यक्ष बनियनवरच खाली आले आणि खेकसले, "रोज दुपारी दोन तास बंद ठेव ते धूड! डोळा लागत नाही आमचा." मी म्हटलं, "साहेब, हवा तोडली तर जंतू मरतील." "मग मरू देत ना! जंतू पाळायला पगार देतो का तुला?" माझं डोकंच सटकलं. त्यांनी दोन तास सांगितलेले, मी चार दिवस ब्लोअर चालूच केला नाही. तिसऱ्या दिवशी वास त्यांच्या बेडरूमपर्यंत चढला, खिडक्या धडाधड बंद झाल्या, आणि मी खाली उभा राहून हसलो. पाणी मात्र काळं होऊन नाल्यातून खाडीत जातच होतं. माझी आई त्याच खाडीच्या चिखलात निवट्या मासे पकडून विकायची. चौथ्या दिवशी ती रिकामी पाटी घेऊन घरी आली आणि पाय धुता धुता म्हणाली, "पानी कालं झायलंय रे. तुजा प्लांट चालू हाय ना?" मी म्हटलं, "चालू हाय." त्या अध्यक्षाला मी अजून शिव्या घालतो, आईसमोरसुद्धा घालतो, आणि तीही माझ्या बाजूने त्याला दोन हासडते.