भात डावीकडे

वाटी खाली ठेवण्याआधी ती दोन्ही हातांत धरून फिरवायची. वाटीवरचं चित्र जेवणाऱ्याच्या तोंडासमोर आलं की मगच टेकवायची आणि म्हणायची, "लांगझाम." म्हणजे सावकाश. भराभर जेवलेलं तिला खपत नसे.

कोलोनपासून दीड तासावर गरम पाण्याच्या झऱ्याचं एक गाव आहे. तिथे एका जर्मन मालकाने अगदी जपानी पद्धतीचं उतरायचं घर काढलं होतं. खोल्यांतून चटया, सरकती दारं, अंगणात गरम पाण्याचं कुंड, आणि संध्याकाळी खोलीत आणून वाढलेलं जेवण. तुमच्यापैकी कोणी हौसेने गेले असाल, तर ही जपानी म्हातारी तुम्ही पाहिली असेल. राखाडी किमोनो, पांढरे मोजे, माझ्या खांद्याएवढी. मी दिसलो नसेन. मी खाली पंपाच्या खोलीत. सातवी शिकलेला फिटर मी; कारखान्यातून निवृत्त झाल्यावर दर गुरुवारी तिथले पंप बघायला जायचो. बायको गेल्यापासून तर आठवड्यात तो एकच वार उरला होता.

मी तिला "फ्राऊ", म्हणजे बाई, म्हणायचो आणि ती मला "पुंपे-सान". पुंपे म्हणजे पंप. पंपराव म्हणा ना.

पहिल्या गुरुवारी मी डबा उघडला, तर तिने झाकण परत लावलं.

"काम झालं. आता पाहुणा."

"पाहुणे वर आहेत, फ्राऊ."

"बसला तो पाहुणा."

आणि पंपाच्या खोलीच्या दारात गुडघे टेकून तिने मला वरच्या पाहुण्यांसारखंच वाढलं. छोट्या छोट्या बश्या. भातुकली वाटली मला. एका बशीत कच्चा मासा.

"हा शिजवायचा राहिला का?"

ती तोंडावर हात धरून हसली. "डोळे मिटा, पुंपे-सान."

मिटले. गिळला.

"कसा होता?"

"गेला," मी म्हणालो.

बाकी मात्र झकास. चिमुकल्या शेगडीवर उकळणारी भाजी, ओढ्यातला भाजलेला मासा, झाकणाच्या पेल्यात अंड्याचं काहीतरी खारवसासारखं थरथरणारं. मुळ्याच्या लोणच्याच्या फोडी दोन, कधीही तीन नाहीत. तीन पोळ्या आमच्याकडेही कोणी वाढत नाही. भात आणि सार अगदी शेवटी. भात डावीकडे, सार उजवीकडे. यात बोटभर फरक नाही.

मी तिला चटईवर बोटाने आमचं ताट काढून दाखवलं. मीठ वर, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. दोघांचंही जर्मन मोडकं, पण हे तिला पटकन कळलं. "गेनाऊ! गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर, करत तिने टाळी वाजवली. जगात शहाणी माणसं दोनच ठिकाणी राहतात, असं तिचं मत झालं असावं.

एरवी मात्र बाई घाबरट. पाहुण्यांना कुंडावर जायला तिथे सुती झगे देत. जर्मन माणूस तो कसाही गुंडाळणार. उजवा पदर वर आलेला दिसला की ही हातातलं टाकून धावायची आणि त्या धिप्पाड माणसाचा पट्टा सोडायला लागायची. "नाईन, नाईन! नाही, असं मेलेल्याला नेसवतात!" तो बापडा पट्टा धरून लाल. मी जिन्याखाली पोट धरून हसायचो. ती मात्र पदर नीट लागेपर्यंत हटायची नाही.

मला हसायचा काही अधिकार नव्हता. ते आता सांगतो. मुलालाही सांगितलेलं नाही.

आमच्या गावाकडे मेलेल्याच्या नावाचं पान उलटं वाढतात. डावीकडचं उजवीकडे. एका रविवारी दुपारी माझ्या बायकोने मला ताट वाढलं, तर चटणी उजवीकडे. पस्तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी म्हणालो, "काय गं, श्राद्धाचं वाढलंयस का? जिवंत आहे मी अजून."

"अहो, चुकलं बाई," म्हणाली आणि हसली. अर्ध्याच तोंडाने हसली. मला वाटलं, वेडावते आहे. "पडते जरा," म्हणून आत गेली. मी पोटभर जेवलो. वर ताकही प्यालो. हात धुऊन आत गेलो तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी गेली. डॉक्टरने सांगितलेला शब्द मी पाठ केला. श्लागआनफाल. म्हणजे मेंदूचा झटका. मला एवढा एकच जर्मन शब्द स्वच्छ बोलता येतो, आणि तो मी उशिरा शिकलो.

हे मी तिथल्या म्हातारीला कधी सांगितलं नाही.

मग तो गुरुवार. साडेसहा वाजले होते, बाहेर अजून ऊन होतं. तिने माझ्यासमोर गुडघे टेकले आणि वाट्या ठेवल्या. फिरवल्या नाहीत. सार डावीकडे. भात उजवीकडे.

मी वर तिच्या तोंडाकडे बघितलं.

"फ्राऊ, हसा."

"काय?"

"हसा म्हणतो ना!"

हसली. अर्धी.

"पाच नंबरच्या खोलीचं सार निवतंय," असं काहीतरी पुटपुटत ती उठायला लागली. शब्द ओले झाल्यासारखे येत होते. मी दार अडवून उभा राहिलो.   "पुंपे-सान, खुळे झालात?" म्हणत ती मला ढकलू लागली. एकाच हाताने. मी इतका मोठ्याने ओरडलो की मालक खाली आला. "दमली आहे ती. दहा मिनिटं बसू दे," तो म्हणाला.

"दहा मिनिटं माझी एकदा गेली आहेत!" हे मी मराठीत म्हणालो. त्याला काय कळणार.

रुग्णवाहिकेसाठी एकशे बाराला मीच फोन लावला. पलीकडची बाई काय विचारत होती देव जाणे. सगळं जर्मन डोक्यातून पळालं होतं. मी फक्त घराचं नाव आणि तो एक शब्द, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत राहिलो. श्लागआनफाल. श्लागआनफाल. तिला तो कळला.

माणसं आली. तिला उचलताना तिची नजर माझ्यासमोरच्या वाट्यांवर गेली. तोवर ती आमच्यावर चिडलेलीच होती. तिथे तिला समजलं. तो चेहरा मला अजून दिसतो. स्वतःच्या दुखण्याची भीती नव्हती ती. माझ्यासमोर, जित्या माणसासमोर, आपण हे काय वाढलं, याची होती. उजवा हात लांब करून तिने भाताची वाटी ओढून डावीकडे आणली. साराच्या वाटीपर्यंत हात पोचला नाही. ती मी सरकवली.

"लांगझाम," मी त्या उचलणाऱ्या माणसांना म्हणालो.

वाचली. भाचा येऊन तिला जपानला घेऊन गेला. चालते, थोडं बोलते, असं मालक म्हणाला. मला परत दिसली नाही. आता वर कोणीतरी तरुण मुलगी वाढते, वाट्या कशाही ठेवते. मी गुरुवार सोडला.

मुलगा लांब, उंटरश्लाइसहाइम नावाच्या गावी असतो. रात्री फोन करतो, "जेवलात का बाबा?" जेवलो म्हणतो. काय जेवलो ते विचारतो. कसं वाढून घेतलं ते कोण विचारणार?

म्हणून मीच बघतो. ताट वाढतो, मीठ, चटणी, भाजी, आणि उठून टेबलाच्या पलीकडे जातो, वाढताना त्या दोघी, बायको आणि फ्राऊ, माझ्यासमोर असायच्या त्या बाजूला. तिकडून सगळं उलटं दिसतं. मला ठाऊक आहे उलटंच दिसणार. तरी रोज दचकतो. मग टेबलाला हात लावत लावत परत माझ्या जागेवर येतो, आणि बसायच्या आधी पुन्हा एकदा बघतो.