रणपिसे आणि क्यू-३१

पोपट रणपिसे आमच्या कंपनीत लागले तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. त्या वयात माणसं निवृत्त व्हायची तयारी करतात. मी करतच होतो. त्याआधी एकतीस वर्षं बिबवेवाडीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. ओळखपत्राचे, बारशाचे, साखरपुड्याचे फोटो तिथे निघत, पण रणपिसे ओळखले जात ते स्थळासाठी पाठवायच्या फोटोंमुळे. मुलीच्या गालावरचा व्रण, मुलाच्या भुवईतली जुनी खोक, चष्म्यामुळे नाकावर पडलेले डाग ते असे काढत की काय गेलं ते घरच्यांनाही सांगता येऊ नये. आधी बारीक ब्रशने, नंतर संगणकावर. मग प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला, गिऱ्हाईक आटलं आणि करोनात बंद झालेलं दुकान पुन्हा उघडलं नाही.

आमची कंपनी मार्केट यार्डाच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर. माणसं बावीस. परदेशी संस्थांचे कागद, नकाशे, फोटो संगणकावर नीट लावून द्यायचे, एवढाच आमचा उद्योग. मी तिथे प्रशासन पाहतो. त्या वर्षी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेचं काम आमच्याकडे आलं होतं. काम ऑर्कांचं होतं. ऑर्का म्हणजे समुद्रात कळपाने राहणारा काळा-पांढरा, सात-आठ मीटर लांबीचा प्राणी. लोक त्याला देवमासा म्हणतात, पण तो डॉल्फिनच्या कुळातला. संस्थेचे लोक दर उन्हाळ्यात बोटीतून त्यांचे हजारो फोटो काढत. ऑर्का ओळखायचा तो पाठीवरच्या उंच, पंखासारख्या परावरून, परामागच्या राखी पट्ट्यावरून आणि तिथे पडलेल्या खाचा-ओरखड्यांवरून. आम्ही फोटोतला तेवढा भाग कापून मोठा करायचा, उजेड सारखा करायचा आणि क्रमांक, तारीख घालायची. कोण कोणता ते तिकडे ठरणार होतं.

या कामाची प्रमुख तनुजा. वय बत्तीस, बोलणं मोजकं. पहिल्या दिवशी तिने सगळ्यांना बसवून माहिती दिली. ऑर्कांचं कुटुंब आईच्या बाजूने चालतं. सर्वांत म्हातारी मादी पुढे, आणि तिची मुलं-मुली जन्मभर तिच्याबरोबर. आमच्या वाट्याला आलेल्या कुटुंबात नऊ जण होते. म्हातारी क्यू-१४, आणि तिच्या मुलींपैकी एक क्यू-३१. क्यू-३१ला आदल्या वर्षीच पहिलं पिल्लू झालं होतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी रणपिसे म्हणाले, "साहेब, घरी हिराला सांगितलं. मुलगा म्हातारा झाला तरी आईच्या शेजारी पोहतो म्हटलं."

"मग?"

"म्हणाली, आणि सून? म्हटलं, सून नसते त्यांच्यात. मुलगा चार दिवस बाहेर जातो, परत आईकडे येतो. तर म्हणाली, पद्धत चांगली आहे, प्रज्ञेशला कळवा."

हिरा त्यांची बायको, प्रज्ञेश मुलगा. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, मांजरी भागात फ्लॅट घेऊन राहतो, महिन्या-दोन महिन्यांनी येतो.

तनुजाने बाकीचंही सांगितलं होतं. नद्यांवर धरणं झाली, त्यामुळे त्यांच्या खाण्याचा मासा कमी झाला. उरलेला मासा ते आवाजावरून शोधतात, तर जहाजांच्या आवाजात तो हरवतो. कारखान्यांचं विष त्यांच्या चरबीत साठतं आणि दुधातून उतरतं, सगळ्यांत जास्त पहिल्या पिल्लात. रणपिसे एवढंच म्हणाले, "म्हणजे थोरल्याच्या वाट्याला आईचं विष." आणि कामाला लागले.

ऑक्टोबरात एका सकाळी तनुजा माझ्या टेबलाशी आली आणि माझ्याच संगणकावर दोन फोटो शेजारी शेजारी उघडले.

"काका, डावीकडचा त्यांनी पाठवलेला. उजवीकडचा आपण तयार केलेला. फरक सांगा."

मला सांगता येईना.

"पराची मागची कड बघा."

डावीकडच्या परावर, टोकापासून वीतभर खाली, कानाची पाळी फाटावी तशी खाच होती. उजवीकडे ती कड सरळ होती. फार सुंदर सरळ होती. कुणाचं काम हे विचारायची गरज नव्हती.

संस्थेचं पत्र रागाने लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे जास्त लागलं. आम्ही पाठवलेल्या फोटोंत क्यू-३१ कुठेच नाही. तिच्याऐवजी, अंगावर एकही खूण नसलेली एक अनोळखी मादी पिल्लासह पोहते आहे. क्यू-३१ची नोंद 'बेपत्ता' अशी होणार होती. तेवढ्यात कुणाला तरी शंका आली आणि त्याने मूळ फोटो काढला. आता सहाशे चाळीस फोटो संशयात आहेत. हंगामाचा अहवाल जायचा असल्याने दुरुस्ती दहा दिवसांत हवी, आणि ज्या व्यक्तीने हे केलं तिला या कामावर ठेवू नये.

मी दर शुक्रवारी त्या फोटोंचे क्रमांक आणि तारखा तपासत होतो. ते सगळं बरोबर होतं.

रणपिसेंना बोलावलं. दोन्ही फोटो त्यांनी शांतपणे पाहिले.

"हो, मी बुजवली."

"कशाला पण?" तनुजाने विचारलं.

"वाईट दिसत होती."

"त्यांना स्थळं बघायची नव्हती, काका."

"नाही," रणपिसे म्हणाले. "तुम्ही सांगितलं होतं खाचेवरून ओळखतात. ऐकलं मी. पण माझा हात माझ्या आधी चालतो, मॅडम. खाच दिसली की भरली. एकतीस वर्षं लोक त्याचसाठी येत होते."

तनुजाने सांगितलं की नोकरी महिनाअखेरपर्यंतच. रणपिसेंनी मान हलवली, पण उठले नाहीत.

"दुरुस्ती मला करू द्या. दुसऱ्या कुणी केली तर त्याला प्रत्येक फोटो मुळाशी ताडून बघावा लागेल, दहा दिवसांत होणार नाही. कुठे काय पुसलंय ते मला आठवतं."

"सहाशे चाळीस फोटोंतलं?"

"विचारून बघा."

तिने विचारलंच. कुठलेही दहा फोटो काढले, आमचे पुसलेले, आणि मूळ फोटो स्वतःच्या संगणकावर उघडून बसली. रणपिसे पडद्यावर बोट ठेवत गेले. इथे ओरखडा, इथे दोन बारीक रेघा, इथे काही नव्हतं. एका ठिकाणी तनुजा म्हणाली, "इथे नाहीये काही." ते म्हणाले, "मोठा करा." मोठा केल्यावर तांदळाएवढी खूण निघाली.

शेवटी असं ठरलं की त्यांनी दुरुस्ती करावी. संस्थेने एकही चूक न काढता ती स्वीकारली तर त्यांनी राहावं, नाहीतर एकतीस तारखेला जावं. तसं पत्र संस्थेला मीच पाठवलं. जिन्यात रणपिसे मला म्हणाले, "साहेब, एकदा दुकानाचं शटर ओढलं. पुन्हा ओढायची ताकद नाही आता."

पहिले तीन दिवस हात भराभर चालला. चौथ्या दिवसापासून मंदावला. जेवायला खाली येणं बंद झालं, हिराताईंनी दिलेला डबा टेबलावरच उघडायचा, अर्धा तसाच परत जायचा. तासातासाने डोळ्यांत थेंब घालत. सहाव्या दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावलं.

पडद्यावर क्यू-३१ होती, खाच जागेवर आलेली. बोट मात्र त्यांनी परामागच्या राखी पट्ट्यावर ठेवलं. तिथे तीन तिरके घाव होते, एका मापाचे, सारख्या अंतरावर.

"हे जुनं नाही. जुलैच्या एकाही फोटोत नाही. अठरा ऑगस्टपासून पुढे आहे. बोटीचा पंखा लागला असणार." त्यांनी चष्मा काढला. "अकरा फोटोंत होतं. अकराही ठिकाणी मी साफ केलं. तिला लागलं, आणि मी ते लागलंच नाही असं करून पाठवलं."

त्यांनी अकरा फोटोंचे क्रमांक आणि तारखा मराठीत लिहून काढल्या, तनुजाने त्याचं इंग्रजी केलं आणि टिपण दुरुस्तीबरोबर गेलं.

पाच दिवसांनी उत्तर आलं. सर्व फोटो स्वीकारले. क्यू-३१ कुटुंबात परत, पिल्लू तिच्या नावावर. अठरा ऑगस्टच्या जखमेची नोंद घेतली. संबंधित व्यक्तीने काम चालू ठेवण्यास हरकत नाही, उलट पुढच्या हंगामापासून कोण दिसलं याचा पहिला तक्ता त्यांनीच भरावा. रणपिसेंनी पत्र दोनदा वाचलं, "बरं झालं" म्हणाले आणि अर्ध्या दिवसाची रजा मागितली. घरी जाऊन झोपले असं दुसऱ्या दिवशी कळलं.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात नवे फोटो आले, तीन हजारांवर. रणपिसेंनी ते सगळे पाहिले आणि मग पुन्हा पहिल्यापासून पाहिले. क्यू-१४ होती. तिचा मोठा मुलगा होता, बाकीचे होते. पिल्लूही होतं, प्रत्येक फोटोत म्हातारीला चिकटून. क्यू-३१ नव्हती.

ते तनुजाकडे गेले. "मूळ फोटो दाखवता का? माझ्या हाताने काही गेलं असेल."

"काका, पुसायची सोयच तुमच्या संगणकावरून काढून टाकलीय. वर्ष होत आलं."

"तरी दाखवा."

तिने दाखवले. त्यातही नव्हती.

तक्त्यात क्यू-३१ समोरचा रकाना तीन दिवस कोरा राहिला. चौथ्या दिवशी मला विचारावं लागलं, तक्ता पाठवायची तारीख उलटत होती.

तनुजा शेजारीच उभी होती. "एका हंगामात दिसली नाही म्हणून लगेच गेली असं धरत नाहीत ते," ती म्हणाली. तिच्या आवाजात नेहमीची धार नव्हती.

"पिल्लू सोडून कुठे जाईल ती," रणपिसे म्हणाले.

त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, मग त्या रकान्यात 'दिसली नाही' असं लिहिलं आणि तक्ता माझ्याकडे पाठवला.